रात्रपाळी आणि खेळातली पाळी

प्रश्न : मी रुग्णालयात परिचारिका आहे. पाळ्या बदलत्या, त्यामुळे खेळायला मिळतो तो तास-पाऊण तास, आणि तोही सलग मिळेलच असं नाही. गेल्या वर्षी ‘पर्सोना ५’ पूर्ण केला आणि शेवटी चक्क रडले. धाकटा भाऊ म्हणतो, ‘पर्सोना’सारखे टर्न-बेस्ड गेम, म्हणजे आपण आणि शत्रू पाळीपाळीने चाल करतो असे, ही यंत्रं दुबळी होती त्या काळातली तडजोड, खरी मजा ओपन वर्ल्डमध्ये, म्हणजे हवं तिकडे भटकता येणाऱ्या मोकळ्या जगात. त्याच्या आग्रहाखातर ‘द विचर ३’ सुरू केला. तीन महिने झाले, मी अजून व्हाइट ऑर्चर्ड या पहिल्याच भागात आहे. ‘एल्डन रिंग’ तर अर्ध्या तासात बंद केला. मी मंद आहे की भाऊ चुकतोय?
(नाव न छापण्याच्या अटीवर)

उत्तर : ताई, भाऊ चुकतोय. पण पूर्ण चुकत नाही, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी त्याचा इतिहास तपासू. टर्न-बेस्ड ‘ड्रॅगन क्वेस्ट’ जपानमध्ये मे १९८६ मध्ये आला, निन्टेंडोच्या फॅमिकॉम या घरगुती गेमयंत्रावर. अख्खा गेम ६४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवलेला. शत्रू समोर आला की पडद्यावर चार पर्याय : लढा, पळा, मंत्र टाका, वस्तू वापरा. एवढंच पाहिलं तर भावाचं म्हणणं पटतं. पण त्याच वर्षी, तीनच महिने आधी, त्याच फॅमिकॉमला डिस्क ड्राइव्ह जोडून लोक पहिला ‘झेल्डा’ खेळत होते. मोकळा नकाशा, वाट्टेल तिकडे जा, बटण दाबलं की तलवार चाललीच. यंत्र तेच, वर्ष तेच. मग दुबळेपणा एकाच्याच वाट्याला कसा आला? पाळीपाळीने लढणं आलं ते टेबलाभोवती बसून फासे टाकण्यातून, १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधून. त्याच खेळाच्या नियमांवर बेतलेला ‘बॉल्डर्स गेट ३’ २०२३ मध्ये द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरला. २०२५ मध्ये तो मान ‘क्लेअर ऑब्स्क्युर : एक्स्पिडिशन ३३’ने नेला, आणि तोही टर्न-बेस्डच. हे कात्रण भावाला दाखवा.

आता भावाची बाजू. ‘एल्डन रिंग’मध्ये गुहेतून उघड्यावर आलं की सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार रस्त्यावर फेऱ्या मारत असतो. त्याने मला २१ वेळा मारलं. (आकडा पक्का आहे, मोजायची खोड जुनी.) जन्मभर टर्न-बेस्ड खेळलेल्या माणसाची एक ठाम समजूत असते : शत्रू समोर उभा केलाय, म्हणजे त्याचं उत्तर आपल्या पोतडीत कुठेतरी आहे, शोधायचं तेवढं बाकी. बाविसाव्या वेळी वैतागून बाजूच्या झाडीतून वाकून निघून गेलो. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. ‘याला नंतर बघू’ हे त्या गेममधलं सगळ्यात धारदार शस्त्र आहे, आणि ते कुठल्याच मेन्यूत सापडत नाही. पुष्कळ तासांनी परत गेलो तेव्हा माझ्याही बुडाखाली घोडा होता. त्या दिवशी काय आनंद झाला! असा आनंद मला कुठल्याही टर्न-बेस्ड गेमने दिलेला नाही, हे कबूल करतो. पाळीच्या खेळात ‘काय करू’ हे ठरवायचं असतं, मोकळ्या जगात ‘कुठे जाऊ आणि कधी’. डोकं दोन्हीकडे लागतं.

पण तुमच्यासाठी एक गोष्ट या सगळ्याहून महत्त्वाची आहे, आणि ती भावाने सांगायला हवी होती. ‘एल्डन रिंग’ला पॉजचं बटण नाही. मध्येच फोन वाजला तर समोरचा राक्षस तुमच्यासाठी थांबत नाही. ‘पर्सोना’मध्ये तुम्ही कंट्रोलर ठेवून उठलात, की शत्रू जागच्या जागी डुलत उभे, तुम्ही येईपर्यंत. परत आल्यावर पडद्याकडे एकदा पाहिलं की कळतं : कुणाची पाळी, कुणाला आगीची भीती, कुणाची शक्ती संपत आलीय. कमजोर जागी फटका मारला तर आणखी एक चाल मिळते, ती स्वतः वापरायची की जोडीदाराला द्यायची, हा हिशेब अर्धवट सोडला तरी सांडत नाही. (सेव्ह करायला मात्र ठरावीक खोली गाठावी लागते, ही त्याची खोट. कन्सोल बंद न करता स्लीप मोडमध्ये झोपवून ठेवा.)

आणि टर्न-बेस्ड म्हणजे छोटा गेम, असंही नाही. ‘पर्सोना ५’ला तुम्हाला शंभरेक तास लागले असतील. तरी तो पार पडला, कारण त्यात कॅलेंडर आहे. आजची दुपार अभ्यासाला द्यायची की मित्राला, एकदा ठरवलं की दुपार गेली. ती सुद्धा पाळीच, फक्त तलवारीची नाही, दिवसाची. पाऊण तासात दोन-तीन दिवस सरकले की काहीतरी झाल्यासारखं वाटतं.

‘विचर’मध्ये दिवस संपतच नाही. व्हाइट ऑर्चर्ड ही नुसती ओसरी आहे, घर पुढेच आहे, आणि तुम्ही ओसरीच झाडत बसला आहात. नकाशावरची प्रश्नचिन्हं पुसताय ना? मीही तेच केलं. पुढे स्केलिगे नावाची बेटं लागतात. तिथल्या समुद्रात होडी घेऊन मी नऊ संध्याकाळी घालवल्या. दर चिन्हाशी पाण्यात तरंगणारी पिंपं, वर पंख फडफडवत किंचाळणाऱ्या सायरन नावाच्या राक्षसिणी, आणि पिंपात विकण्यापुरतं भंगार. त्या भंगाराचं ओझं इतकं झालं की नायकाला धावता येईना. ते बघून शेवटी मला माझी कीव आली. गावातले नोटीस बोर्ड वाचले की ही चिन्हं वाढतात, तेव्हा ती नकाशावरून लपवून टाका. मुख्य गोष्टीच्या मागे जा आणि वाटेत कुणी हाक मारली तरच थांबा. लहान कामांतल्या गोष्टी तिथे फार सुंदर लिहिल्या आहेत, त्या माणसांच्या तोंडून मिळतात, पिंपांतून नाही.

पुढे काय खेळावं म्हणाल तर ‘मेटाफर : रिफँटाझिओ’. २०२४ चा, ‘पर्सोना’वाल्यांचाच, कॅलेंडरसकट. त्यात हलके शत्रू चालता चालता तलवारीने उडवता येतात आणि तोलामोलाचा भेटला की पाळ्या सुरू होतात. भावाला शेजारी बसवायला हरकत नाही. ‘एक्स्पिडिशन ३३’ मात्र सुट्टीसाठी राखून ठेवा. शत्रूच्या पाळीत त्यात अचूक क्षणी बटण दाबून वार चुकवावा किंवा परतवावा लागतो, आणि रात्रपाळी करून आलेली बोटं ते करतील असं मला वाटत नाही. माझी तर भरपूर झोप झाल्यावरही करत नाहीत.

प्रश्न : ‘एक्सकॉम २’ या शिपायांच्या टर्न-बेस्ड गेममध्ये नेम लागण्याची शक्यता ९५ टक्के दाखवतात आणि गोळी हुकते! हा गेम फसवतो का?

उत्तर : फसवतो, पण तुमच्या बाजूने. सोप्या पातळ्यांवर तो गुपचूप तुमची टक्केवारी वाढवतो. बाकी साधा हिशेब करा : ९५ टक्क्यांच्या २० गोळ्या झाडल्या, तर एकही न हुकण्याची शक्यता ३६ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे २० गोळ्यांत एखादी हुकणं हेच जास्त संभवतं. आपल्याला तेवढी एकच आठवते, कारण त्या वेळी लाडका शिपाई मेलेला असतो. असा जाच नको असेल तर ‘बॉल्डर्स गेट ३’ खेळा. त्यात ‘कार्मिक डाइस’ नावाची सोय मुळातच चालू असते. फासे लागोपाठ वाईट पडू लागले की ती तुम्हाला सांभाळून घेते. सेटिंगमध्ये जाऊन बंदही करता येते. मी बंद ठेवली आहे. परवा दरवाजाचं कुलूप उघडताना फाशावर दोनदा लागोपाठ १, म्हणजे सगळ्यात वाईट दान पडलं, आणि शेवटी दरवाजाच फोडला.