मेंदूवर संशोधन करायचंय म्हणतेस, तर ऐक

एमआरआयचे रंगीत फोटो बघून या वाटेला येऊ नकोस, पोरी. एफएमआरआय, म्हणजे मेंदूचं काम चालू असताना केलेलं स्कॅन, विचार टिपत नाही. रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल टिपतं, तोही ५-६ सेकंद उशिरा. म्हणून आधी संख्याशास्त्र पक्कं कर, सोबत पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. पेशंटवर उपचारही करायचे असतील तर एमबीबीएस, मग मानसोपचारात एमडी. नुसतं संशोधन हवं तर मानसशास्त्रातून पीएचडी. सगळ्यांना बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या संस्थेची ओढ, पण तसंच धारवाडचं डिमहान्स बेळगावहून जवळ आहे, आधी तिथं चौकशी कर.

आणि कन्नड शीक, सीमावाद घरी ठेवून. चाचणी घेताना दुभाषी मधे आला की उत्तराला किती वेळ लागला हे मोजणंच फसतं. संमतीपत्र वाचल्यावर खानापूरकडची आजी मान डोलावते, म्हणजे तिला कळलं असं धरू नको. काय कळलं ते तिलाच सांगायला लाव, मगच अंगठा घे.