एफटीआयआरच्या आधी नमुना

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल दोनदा वाचली. परागकणांच्या रसायनातून पर्मियनच्या, म्हणजे सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी संपलेल्या कालखंडाच्या, शेवटचं ऊन मोजायचं, हा बेत मला आवडला. पण एफटीआयआरचं, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी रसायन ओळखायच्या तंत्राचं, नाव सात वेळा आलंय आणि नमुने तयार कसे करणार याबद्दल एक ओळ नाही. तेव्हा आज तेवढंच.

झाड परागकणाच्या कवचात, म्हणजे स्पोरोपोलेनिनमध्ये, पॅरा-कौमॅरिक आणि फेरुलिक आम्लांची छत्री घालतं. उन्हातलं यूव्ही-बी, म्हणजे अतिनील किरण, वाढलं की छत्री जाड होते. तुझा सगळा डोलारा या छत्रीवर उभा आहे, आणि ती प्रयोगशाळेत आपल्याच हातून फाटू शकते.

माझ्या हातून फाटली आहे. चंद्रपूरकडचा कोळसा होता. कोळशातून कण सोडवायला नायट्रिक आम्ल वापरायची जुनी रीत. मी नमुना रात्रभर त्यात ठेवून घरी गेलो. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली कण लख्ख, वर्णपट मात्र भलताच. कण साफ करायच्या नेहमीच्या अ‍ॅसिटोलिसिसने स्पोरोपोलेनिनला फारसा धक्का लागत नाही, हे तपासून झालंय. नायट्रिक जास्त वेळ राहिलं तर रचनाच मोडतं. म्हणून विभागातल्या जुन्या स्लाइड्सच्या पेट्या पाहून हुरळू नकोस. आम्ल कुठलं, किती वेळ, हे त्यांवर कोणी लिहिलेलं नसतं. शिवाय काच स्वतःच इन्फ्रारेड गिळते. खडकापासून सुरुवात कर. आणि खडक विरघळवणाऱ्या हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या टेबलावर एकटीने बसायचं नाही. त्या आम्लाने भाजलं तर लावायला कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम हाताशी हवंच.

मग रंग बघ. खडक खोल गाडला गेला की तापतो आणि कण पिवळ्याचा तपकिरी, पुढे काळा होतो. पिवळा असेल तर पुढे जा. काळ्याच्या नादी लागू नकोस, त्यात उन्हाची नोंद नाही, भट्टीची आहे.

तुलना एकाच प्रकारच्या कणांची कर. लिउ फेंग आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये तेच केलं: दक्षिण तिबेटमधल्या छुबूच्या खडकांतले अ‍ॅलिस्पोरायटिस प्रकारचे सुमारे ८०० कण, आणि २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशाच्या थरात छत्रीची संयुगं वाढलेली. (तो तिबेट तेव्हा आपल्याच भूखंडाची उत्तरेकडची कड होता, तिथे ग्लोसोप्टेरिस हे जीवाश्म झाड सापडतं, जसं आपल्या गोंडवाना खडकांत.) हात बसेपर्यंत मात्र आजची झाडं घे. मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, परवानगी मागून एकाच जातीचे घाटमाथ्यावरचे आणि किनाऱ्यावरचे नमुने बघ. ऑगस्टच्या ढगांत फुलणारी जात निवडू नकोस, नाहीतर ऊन मोजतेयस की पाऊस, कळायचं नाही.

आणखी एक. सायबेरियातल्या ज्वालामुखींनी ओझोन विरळ केला, ऊन वाढलं, इथवर ठीक. ‘त्यानेच जंगलं मेली’ हे वाक्य प्रबंधात इतक्यात नको. २०१८ मध्ये बेंका, लूय यांनी ठेंगण्या पाइनवर जबर यूव्ही-बी सोडलं. कण वेडेवाकडे झाले, शंकू वांझ झाले, पण झाडं मेली नाहीत. बाहेर ठेवल्यावर पुन्हा फळली. वांझपणाने जंगल हळूहळू संपतं, हा वेगळा दावा आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागेल.

पुढच्या वेळी आलेख पाठवू नकोस. कणांचे फोटो पाठव, रंग नीट दिसतील असे.