सूत, रंग, टाके : वाचकांचे प्रश्न

कापसाची वेचणी आटोपत आली की गावात थोडी उसंत मिळते आणि बचत गट, शाळा, वाचनालयं एक-दोन दिवसांच्या हस्तकला कार्यशाळा ठरवू लागतात. या वेळची बहुतेक पत्रं त्यातल्याच अडचणींची आहेत.

आमच्या गटातल्या वीस बायकांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायची आहे. क्रोशे, भरतकाम, कापडी फुलं, विणकाम असं सगळंच थोडं थोडं दाखवावं, असं चाललंय. गेल्या वर्षी तसंच केलं होतं. सगळ्यांना आवडलं, पण घरी जाऊन पुढे कुणीच काही केलं नाही. काय चुकलं असेल?
— बचत गटाच्या सचिव, दारव्हा तालुका

ताई, चार गोष्टी दाखवल्या म्हणून चारही अर्धवट राहिल्या. नवा हात एखादी हालचाल शंभर-दीडशे वेळा करतो तेव्हा कुठे ती बसते. दोन दिवसांत एवढा वेळ एकाच कामाला मिळू शकतो. म्हणून एकच वस्तू निवडा, आणि ती पूर्ण होऊन बाईच्या हातात घरी गेलीच पाहिजे.

जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांचं आसन घ्या. माल घरचाच असतो, चूक डोळ्यांना दिसते आणि उसवून सुधारता येते. सुताराकडून आतून ५० × ५० सेंमीच्या लाकडी चौकटी करून घ्या. पट्टी दोन इंच रुंद, एक इंच जाड हवी, नाहीतर ताणाने चौकट वाकते. वरच्या आणि खालच्या पट्टीवर एक-एक सेंमीवर ४६ खिळे. ते एका रेषेत मारू नका, लाकूड फाटतं. एक वर, एक खाली असे नागमोडी मारा. उभ्या धाग्यासाठी दीड-दोन मिलिमीटर जाडीची सुती दोरी घ्या. एका चौकटीला २५-२६ मीटर लागते. लोकर ताणली जाते आणि नायलॉन सरकतो, म्हणून दोन्ही टाळा.

साडीचे काठ कापून वेगळे करा आणि लांबीच्या दिशेने दोन सेंमीच्या पट्ट्या फाडा. सुती कापड सरळ फाटतं, कात्री फक्त सुरुवातीच्या चिरेपुरती. धूळ उडते, तेव्हा हे काम अंगणात करा. ४५ सेंमीच्या आसनाला ४५ ते ५० मीटर पट्टी लागते आणि एका साडीतून पाच आसनं सहज निघतात. पट्टीला पट्टी जोडताना गाठ नको, ती बसणाऱ्याला टोचते. दोन्ही टोकांना बोटभर आत छोटी चीर द्या, नव्या पट्टीचं टोक जुनीच्या चिरेतून काढा, मग नवीचं दुसरं टोक तिच्याच चिरेतून ओढून घ्या.

दोरी ताणून झाली की तळहाताने सगळ्या धाग्यांवर हलके थोपटून बघा. एखादा ढिला लागला तर तो आताच कसा, नंतर तिथे फुगवटा येतो. पहिल्या तीन-चार ओळी त्याच दोरीने विणा, म्हणजे उभे धागे आपापल्या जागी बसतात आणि आसनाची कड उसवत नाही. मग पट्टी एकाखालून एकावरून घाला, परतताना उलट.

आता नव्वद टक्के नवशिक्यांचं जे बिघडतं ते सांगतो : खाली ४५ सेंमी असलेलं आसन वर जाईपर्यंत ३५ होतं. कारण आडवी पट्टी सरळ ताणून बसवली जाते. उभ्या धाग्यांच्या वर-खाली जायला तिला जादा लांबी लागते, ती मिळाली नाही की ती काठालाच आत ओढते. प्रत्येक ओळीत पट्टी कमानीसारखी सैल टाका, मधोमध सहा-सात सेंमी उंच, आणि मग मधून सुरुवात करून दोन्ही बाजूंना काटे-चमच्याने दाबत न्या. ४५ सेंमीची एक काडी कापून प्रत्येकीच्या जवळ ठेवा आणि दर दहा ओळींनी तिने रुंदी मोजायला लावा. शेवटचे तीन-चार सेंमी हात शिरत नाही, तिथे दाभण वापरा आणि शेवटच्या ओळी पुन्हा दोरीच्या.

वीस जणी एकदम घेऊ नका. शिकवणारी एक आणि हाताशी जाणती एक असेल तर बारा पुरे. उरलेल्यांची दुसरी तुकडी करा. चौकटी, खिळे, मोजून कापलेली दोरी हे सगळं आदल्या दिवशी तयार हवं. पहिल्या दिवशीचे दोन तास खिळे मारण्यात गेले तर आसन पूर्ण होणार नाही. पट्ट्या फाडणं आणि दोरी ताणणं मात्र त्यांच्याच हातून करून घ्या, कारण घरी ते त्यांनाच करायचं आहे. वेळ फेब्रुवारी-मार्चची ठेवा. निंदणाच्या दिवसांत मजुरी बुडवून कुणी येणार नाही, आणि ज्यांना खरी गरज आहे त्याच येणार नाहीत.

वर्ध्याला मगन संग्रहालयात चरखे पाहिले, तेव्हापासून टकळीवर सूत कातायचं मनात आहे. शाळेतल्या मुलांनाही शिकवायचं आहे. पण सूत सारखं तुटतं. गादीवाल्याकडून आणलेला कापूस वापरतो. एप्रिल महिना चालू आहे.
— शिक्षक, हिंगणघाट

तुमच्या पत्रातच दोन कारणं आहेत.

पहिलं म्हणजे कापूस. गादीचा कापूस बहुधा जुना, पुन्हा पिंजलेला असतो आणि त्यातला तंतू तुटून आखूड झालेला असतो. औषधाच्या दुकानातला कापूसही चालत नाही. त्याचं नैसर्गिक मेण काढून टाकलेलं असतं, त्यामुळे तंतू एकमेकांवरून सरकत नाहीत. तुमच्याकडे तर पऱ्हाटी घराच्या दारापर्यंत आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वेचणीचा स्वच्छ, कवडी (किडका, डागाळलेला भाग) नसलेला कापूस घ्या. पाटावर एक-एक बोंडाचा कापूस ठेवून त्यावरून गुळगुळीत लोखंडी सळई दाबून फिरवली की सरकी पुढे निसटते आणि रुई मागे राहते. १०० ग्रॅम कापसातून ३३ ते ३५ ग्रॅम रुई मिळते. दहा मुलांच्या एका दिवसाच्या कार्यशाळेला २०० ग्रॅम रुई भरपूर झाली, म्हणजे ६०० ग्रॅम कापूस. सरकी काढायला मुलांना फार आवडतं, पण वेळ जातो. निम्मी रुई आधी काढून ठेवा.

रुई पिंजून किंवा बोटांनी विंचरून मोकळी करा, दोन ग्रॅमभर पाटावर पातळ पसरा आणि पेन्सिलीएवढ्या काडीवर गुंडाळून पेळू करा. पेळू वीतभर लांब, बोटाएवढा जाड आणि हवेशीर हवा. घट्ट वळलेल्या पेळूतून तंतू सुटत नाही, गोळाच बाहेर येतो.

दुसरं कारण एप्रिल. आपल्याकडच्या कोरड्या हवेत तंतू ठिसूळ होतो आणि उडतो. सूतगिरण्यांत मुद्दाम हवा दमट ठेवतात ती याचसाठी. सकाळी सात ते नऊ काता. खोलीत कूलर असेल तर चांगलंच, फक्त त्याच्या झोतात बसू नका. पेळू झाकणाच्या डब्यात ठेवा आणि झाकणाला आतून ओलसर फडकं लावा, मात्र ते पेळूला टेकता कामा नये.

एवढं करूनही तुटलं तर तुटलेलं टोक बघा. टोक निमुळतं, पिसासारखं असेल तर पीळ कमी पडला, तंतू सरकून सुटले : टकळी आणखी फिरू द्या, मगच ओढा. टोकाजवळ सूत वळ्या खात असेल तर पीळ जास्त झाला. पीळ पेळूत शिरला की ओढणं अशक्य होतं, मग मुलं जोर लावतात आणि सूत तुटतं. पेळू धरलेला हात सैल ठेवायचा, चिमणीचं पिल्लू धरल्यासारखा. नव्या मुलांकडून पीळ आणि ओढ एकदम करून घेऊ नका. एकाने टकळी फिरवायची, दुसऱ्याने पेळू ओढायचा. दहा मिनिटांत दोघांच्याही हातांना अंदाज येतो.

आणि ज्या घरात फुलवाती आणि कापसाची वस्त्रं होतात, तिथल्या आजी-आईला बोलवा. तंतू पातळ ओढण्याचं अर्धं काम त्यांच्या बोटांना आधीच येत असतं.

धुऱ्यावरच्या पळसाची फुलं उकळून रुमाल रंगवले. सुंदर पिवळे झाले होते. दोन धुण्यांत रंग गेला.
— वाचक, कुरखेडा

सुती कापड रंग नुसता उकळून धरत नाही. त्याआधीच्या तीन पायऱ्या राहिल्या. १०० ग्रॅम कोरड्या कापडाचा हिशेब देतो, सगळीकडे पाणी तीन लिटर.

नव्या कापडात खळ असते. पाच ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर उकळा आणि धुवा. मग २० ग्रॅम हिरडा पूड कोमट पाण्यात कालवून, गाळून, त्यात कापड रात्रभर बुडवा. सकाळी पिळा, धुऊ नका. मग १५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात तासभर ठेवा, अधूनमधून हलवा आणि सावलीत वाळवा. तुरटी कापसाला एकटी नीट चिकटत नाही, हिरड्यातलं टॅनिन तिला धरून ठेवतं. एक दिवस तसंच राहू दिलं तर रंग आणखी पक्का बसतो.

आता फुलं. वाळलेली १०० ग्रॅम किंवा ताजी अर्धा किलो, काळपट देठ काढून. रात्रभर भिजवा, दुसऱ्या दिवशी तासभर तापवा, पण खळखळू देऊ नका. बोट बुडवलं तर क्षणभरही टिकणार नाही एवढंच गरम. गाळून त्यात ओलं केलेलं कापड पाऊण तास ठेवा आणि त्याच पाण्यात थंड होऊ द्या.

स्टीलचा गंज (पातेलं) वापरा. जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) भांडं सोडा खातो आणि लोखंडाचं भांडं रंग काळवंडवतं. रंगाचा गंज पुन्हा स्वयंपाकाला नको. बोअरच्या पाण्यात लोह असेल तरी हिरड्याचं कापड करडं पडतं. आधी ग्लासभर पाण्यात चिमूटभर हिरडा टाकून बघा, पाणी निळसर काळं झालं तर विहिरीचं किंवा पावसाचं पाणी घ्या.

धुताना सोड्याचा साबण नको. पळसाचा पिवळा रंग क्षारात नारिंगी होतो. मुद्दाम नारिंगी हवा असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा शेवटी चुन्याच्या निवळीत मिनिटभर बुडवा. एवढं सगळं करूनही पळस उन्हात हळूहळू उतरतो. पडद्याला वापरू नका, रुमाल आणि ओढणीला चालेल. एका दिवसाच्या कार्यशाळेत हिरडा-तुरटीपर्यंतचं कापड आधी तयार ठेवा आणि मोकळ्या फडक्यांवर त्या पायऱ्या दाखवा.

क्रोशेचा गोल रुमाल कधी वाटीसारखा वळतो, कधी काठाला झालर येते. हात घट्ट आहे म्हणून का?
— वाचक, पुसद

हात नाही, मोजणी. गोल सपाट राहायला प्रत्येक फेरीत ठरावीक टाके वाढावे लागतात. खांबाच्या (उंच टाक्याच्या) विणीत पहिल्या फेरीत १२, मग २४, ३६, ४८. मुक्या खांबाच्या (बुटक्या टाक्याच्या) विणीत ६, १२, १८, २४. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर येते. फेरी संपली की मोजा आणि चुकलं असेल तर तिथेच उसवा. सुरुवातीच्या टाक्यात रंगीत दोरा अडकवून ठेवला की फेरी कुठे संपते ते हरवत नाही. शिकणाऱ्यांना फिका, जाडसर सुती धागा आणि ३ ते ३.५ मिलिमीटरची सुई द्या. काळ्या धाग्यावर टाके दिसत नाहीत.

आमच्या भागात कोसा (टसर रेशीम) होतो. मुलींना एका दिवसात कोशातून धागा काढायला शिकवता येईल का?
— ग्रंथपाल, आरमोरी

एका दिवसात अखंड धागा काढायला शिकवणं नको. कोश सोड्यात उकळून नेमका मऊ करणं आणि अनेक कोशांचे तंतू एकत्र ओढून पीळ देणं हे महिनोन्‌महिने बसून येणारं कौशल्य आहे. घाईत शिकवलं की मुली निराश होतात आणि चांगले कोश वाया जातात. त्याऐवजी पाखरू बाहेर पडलेले, भोक असलेले कोश घ्या. त्यातून अखंड तार निघतच नाही, म्हणून ते स्वस्त मिळतात. लिटरला पाच ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा, भरपूर धुवा आणि ओले असतानाच बोटांनी टोपीसारखे ताणून वाळवा. टकळीवर ते कापसापेक्षा सोपे जातात, कारण तंतू लांब असतो. उकळण्याचं काम मोठ्यांनीच करायचं, आणि खिडक्या उघड्या ठेवा, वास उग्र असतो. उरलेला वेळ ऐन आणि अर्जुनाची झाडं दाखवायला ठेवा, कोसा ज्यांवर वाढतो ती.

गटातल्या दोन मुली डावखुऱ्या आहेत. त्यांना क्रोशे कसं शिकवायचं? त्या उजव्या हाताने शिकाव्यात असा इतरांचा आग्रह आहे.
— वाचक, अचलपूर

आग्रह सोडा, त्याने काहीच साधत नाही. त्यांना शेजारी न बसवता समोर बसवा. तुमचा उजवा हात त्यांना आरशातल्यासारखा त्यांच्या डाव्या बाजूला दिसतो, आणि तसंच्या तसं करायला सांगता येतं. त्यांची ओळ डावीकडून उजवीकडे जाईल आणि गोल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाढेल. छापील आकृती वापरत असाल तर ती आरशासमोर धरून दाखवा, किंवा मोबाईलवर फोटो काढून उलटा करून द्या. टकळीवर त्या उलट दिशेने पीळ देतील, तेही चालतं. फक्त दुहेरी सूत करताना पीळ पहिल्याच्या विरुद्ध द्यायचा. त्यांचं एकेरी सूत इतरांच्या सुताबरोबर एकत्र वळू नका. एकाचा पीळ वाढतो, दुसऱ्याचा उकलतो आणि धागा वेडावाकडा होतो. त्यांच्या सुताची लडी वेगळी बांधून तिच्यावर खूण करून ठेवा.