न्यूट्रॉन हवे आहेत? आधी लेसर सेकंदाला किती शॉट मारतो ते बघ

अरे, लेसरने फ्यूजन (हलकी अणुकेंद्रकं जोडणं) करून न्यूट्रॉन काढायचेत, तर मोठ्या लेसरच्या मागे लागू नकोस. अमेरिकेतल्या लिव्हरमोर लॅबच्या एनआयएफ या महाकाय लेसरने डिसेंबर 2022 मध्ये टार्गेटवर 2.05 मेगाज्यूल प्रकाश टाकून फ्यूजनमधून 3.15 काढले, भारीच, पण त्या एका शॉटला लेसर चालवायला वीज गेली 300 मेगाज्यूलच्या आसपास आणि पुढच्या शॉटसाठी तासन्‌तास थांबा. तुला न्यूट्रॉन सोर्स हवाय ना, मग लिव्हरमोरचाच 1999 चा प्रयोग वाच, टेबलावर मावणारा लेसर, सेकंदाला 10 पल्स, समोर थंड केलेल्या ड्युटेरियमचे (जड हायड्रोजनचे) क्लस्टर, म्हणजे अणूंचे बारीक पुंजके, दर शॉटला साधारण 10 हजार न्यूट्रॉन. खरी डोकेदुखी टार्गेटची, सेकंदाला पल्स वाढवले की टार्गेटचा गॅस ओढता ओढता व्हॅक्यूम पंप रडतो. आणि सिग्नल दिसला म्हणून लगेच नाचू नकोस, तो एक्स-रेचाही असू शकतो, पोचायच्या वेळेवरून ओळख: 1 मीटरवर एक्स-रे 3 नॅनोसेकंदात पोचतात, ड्युटेरियम फ्यूजनचा 2.45 एमईव्ही (ऊर्जेचं एकक) ऊर्जेचा न्यूट्रॉन 46 मध्ये. शिवाय ड्युटेरियमऐवजी साधा हायड्रोजन भरूनही एकदा मोजच, त्यातून हे न्यूट्रॉन यायला नकोत, तेव्हाही "न्यूट्रॉन" दिसले तर आधी डिटेक्टर तपास.