सीए ऑफिसचे निम्मे लोक घरून काम करत असतील तर नुसतं व्हीपीएन पुरेल का?

तुमच्या ऑफिसातले निम्मे लोक आता टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटीचं काम घरून करतात, तर व्हीपीएन (घरचा संगणक ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा सुरक्षित मार्ग) आणि चांगला अँटिव्हायरस घेतला की पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही घ्या, पण तेवढ्याने भागणार नाही. नाशिकमधल्या अशाच लहान ऑफिसांचे संगणक आणि नेटवर्क मी सांभाळतो. माझं स्पष्ट मत असं की ऑफिसात काही शंकास्पद आलं की शेजारच्या टेबलावर विचारून खात्री करता यायची, आणि लोक घरी गेल्यावर सर्वात आधी तीच सोय जाते.

जुलै २०२० मध्ये ट्विटरवर झालेला हल्ला पाहा. कर्मचारी घरून काम करत होते, व्हीपीएनला रोज अडचणी येत होत्या. चोरांनी आयटी विभागातून बोलतोय असं सांगून त्यांना फोन केले आणि हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर लॉगिन करायला लावलं. तोच पासवर्ड चोर त्याच वेळी खऱ्या पानावर टाकत होते, त्यामुळे मोबाइलवर आलेली परवानगीची सूचनाही काहींनी मंजूर केली. व्हीपीएन होतं, दुसरी पडताळणी होती, तरी ओबामा आणि बायडन यांची खाती चोरांच्या हाती गेली. आपल्या पुण्यात सप्टेंबर २०२२ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटचे एक कोटीहून जास्त रुपये गेले ते कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावाने आलेल्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमुळे.

म्हणून ऑफिसात एक नियम लेखी करा. पैसे पाठवा, बँक खातं बदललंय, ओटीपी सांगा, एनीडेस्क (दुरून तुमचा संगणक चालवू देणारं अ‍ॅप) चालू करा, यातलं काहीही फोन, मेल किंवा मेसेजवर आलं तर काम थांबवायचं आणि आपल्याकडे आधीपासून नोंदवलेल्या नंबरवर स्वतः फोन करून विचारायचं. मेसेज सरांचा असला तरी. यात तुमचीच जबाबदारी मोठी आहे. ३१ जुलैच्या रिटर्नच्या गडबडीत आर्टिकलने (सीएचं प्रशिक्षण घेणाऱ्या मुलाने) असा खात्रीचा फोन केला आणि तुम्ही त्याच्यावर वैतागलात, तर पुढच्या वेळी तो विचारणार नाही.

आता यंत्रांकडे. राउटर आजच तपासून घ्या. टॅली घरून उघडता यावी म्हणून रिमोट डेस्कटॉपचा (दुरून ऑफिसचा संगणक वापरण्याची सोय) ३३८९ हा पोर्ट, म्हणजे नेटवर्कमध्ये शिरायचं दार, थेट इंटरनेटला उघडा ठेवलेला बऱ्याच ठिकाणी सापडतो. असे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतात. एकदा आत शिरले की सर्व्हरवरच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागतात. पोर्टचा नंबर बदलून उपयोग नाही, तो बंदच करा आणि रिमोट डेस्कटॉप फक्त व्हीपीएनमधून चालू द्या. व्हीपीएनला पासवर्डसोबत ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा (मोबाइलवर सतत बदलणारा कोड देणारं अ‍ॅप) कोडही लावा. अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइन या इंधन कंपनीवर मे २०२१ मध्ये हल्ला झाला, तिथे चोर शिरले ते वापरात नसलेल्या एका व्हीपीएन खात्यातून, ज्याला नुसता पासवर्ड होता. कंपनीने खंडणी म्हणून ७५ बिटकॉइन मोजले, तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर. तुमच्याकडून आर्टिकलशिप संपवून गेलेल्यांची खाती बंद झालीत का?

मग अशा ऑफिसांत असते ती एक्सेल शीट. सगळ्या क्लायंटचे इन्कम टॅक्स आणि जीएसटी पोर्टलचे पासवर्ड एकाच फाइलमध्ये, आणि ती फाइल ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. ही फाइल मला तरी सर्वात धोक्याची वाटते, कारण ती आता प्रत्येकाच्या खासगी फोनमध्ये आहे. पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड कुलूपबंद ठेवणारं सॉफ्टवेअर) घ्या, ज्याच्याकडे जे क्लायंट त्याला तेवढेच पासवर्ड दिसू द्या, आणि जुने सगळे बदला. डिजिटल सिग्नेचरचे टोकन (क्लायंटची सही साठवलेला पेनड्राइव्हसारखा तुकडा) घरी नेऊ देऊ नका, आणि टोकनवर चिकटपट्टीने लावलेले पिन काढून टाका. त्या टोकनने झालेली सही क्लायंटची असते.

घरच्या सामायिक संगणकावर काम नको, ऑफिसचाच लॅपटॉप द्या. लास्टपास ही तर पासवर्ड सांभाळणारीच कंपनी. तिथे २०२२ मध्ये एका इंजिनिअरच्या घरच्या संगणकावर, जुन्या राहिलेल्या मीडिया सॉफ्टवेअरमधून चोर शिरले आणि त्याचा मुख्य पासवर्ड टिपला. लॅपटॉप जुना असेल तर हेही बघा की विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

बॅकअपची एक प्रत हार्ड डिस्कवर घेऊन ती काढून कपाटात ठेवा. सतत जोडलेली डिस्क सर्व्हरबरोबरच कुलूपबंद होते. महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एखादी कंपनी टॅलीत उघडून बघा.

आणि तरी काही घडलंच, तर त्या मशीनचं इंटरनेट लगेच तोडा. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तत्काळ फोन करा, रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी थोपवता येते ती सुरुवातीच्या वेळातच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार रॅन्समवेअरसारख्या (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा हल्ला) घटनेची माहिती लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवावी लागते. हे नंबर आणि पत्ते कागदावर छापून घरून काम करणाऱ्या प्रत्येकाला देऊन ठेवा, कारण त्या वेळी संगणक उघडता येईलच असं नाही.