पाळकसाहेबांचे दोन तास

"दार लावून बसलो, तर मंडळीला वाटते की पाळक भेटत नाहीत, आणि दार उघडे ठेवले, तर शनिवारी रात्री एक वाजला तरी संदेश तयार होत नाही." अहिल्यानगर जिल्ह्यातील एका मंडळीचे, म्हणजे चर्चच्या भाविकांच्या समूहाचे, पाळक (धर्मगुरू) मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे सल्ल्यासाठी आले, ते हीच चिंता घेऊन; संदेश म्हणजे रविवारच्या उपासनेतले प्रवचन. चर्चमध्ये सेवा करणाऱ्या अनेकांकडून, मग ते पाळक असोत, ऑफिस सांभाळणारे असोत की रविवारी मुलांना बायबल शिकवणाऱ्या शब्बाथशाळेचे शिक्षक, मी ती ऐकत आले आहे. म्हणून त्यांच्या संमतीने, ओळख पटणार नाही अशा बेताने, हा अनुभव लिहीत आहे.

मी त्यांना लगेच वेळापत्रक आखून दिले नाही. आठवडाभर, कामात खंड पडला की वेळ आणि कारण वहीत टिपा, एवढेच सांगितले. मंगळवारच्या पानावर साडेनऊला 'योहान १५' (संदेशासाठी निवडलेला, बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय) असे लिहून खाली रेघ मारली होती, आणि त्या रेघेखाली साडेबारापर्यंत अकरा नोंदी होत्या: बाप्तिस्म्याचे तीन दाखले, हॉलची किल्ली दोनदा, वीजबिल, महिला मंडळाच्या सभेची वेळ, व्हॉट्सअ‍ॅप गटावरच्या वादाचे तीन फोन, आणि दवाखान्यात दाखल झालेल्या एका आजींचा निरोप. तत्काळ उठावे असा निरोप हा शेवटचा एकच होता. घाईत लिहिलेल्या एका दाखल्यात आईचे नाव चुकले आणि त्या कुटुंबाला पुन्हा खेप पडली, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले होते.

एका कामातून दुसऱ्यात शिरताना मनाचा काही भाग पहिल्याच कामात गुंतून राहतो, हे सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये प्रयोगांतून दाखवले. म्हणूनच दोन मिनिटांचा फोन दोन मिनिटांवर भागत नाही. पाळकसाहेबांना हे पटले, तरी दार लावणे म्हणजे सेवा नाकारणे ही टोचणी काही जाईना. ती टोचणी मी हलकी मानत नाही, कारण ती लोकांवरच्या प्रेमातूनच येते.

त्यांना मी बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय पुन्हा वाचायला सांगितला. विधवांच्या रोजच्या वाटपात हेळसांड होते अशी कुरकुर झाली, तेव्हा येशूच्या बारा प्रेषितांनी ते काम क्षुल्लक ठरवले नाही. त्यासाठी सात माणसे नेमली आणि स्वतः प्रार्थना व वचनाची सेवा धरून राहिले. "म्हणजे किल्लीसुद्धा कोणाच्या तरी हाती द्यायला हवी," ते सावकाश म्हणाले.

त्यांनी आधी फोन पत्नीकडे द्यायचे ठरवले होते. मी स्पष्ट विरोध केला. पाळकाच्या घरच्या माणसाला मंडळीने बिनपगारी कारकून समजावे, ही आपल्याकडची जुनी आणि दुखावणारी सवय आहे. अखेर कमिटीतील दोन निवृत्त शिक्षकांनी मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी सात ते नऊ, पाळकसाहेब संदेश तयार करत असताना, फोन व दार सांभाळायचे कबूल केले, किल्ली खजिनदारांकडे गेली, आणि दाखल्यांसाठी बुधवारची संध्याकाळ ठरली. रविवारच्या उपासनेनंतर हे सर्व जाहीर करताना एक वाक्य मुद्दाम घातले: मरण किंवा दवाखाना असेल, तर दार केव्हाही ठोठावावे.

तिसऱ्याच आठवड्यात दार ठोठावले गेले. उठण्यापूर्वी, आम्ही ठरवले होते त्याप्रमाणे, त्यांनी कागदावर एक ओळ लिहिली: 'फांदी वेलात राहते, पुढे छाटणीचा मुद्दा, वचन २.' दफनविधी आटोपून ते संध्याकाळी परतले, ती ओळ वाचली आणि तिथूनच पुढे लिहू लागले. त्या शनिवारी ते साडेदहाला झोपले.

डिसेंबरात घरोघरी नाताळची गाणी गाण्याच्या, कॅरोलच्या फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा गुरुवारचे दोन तास गेले. मंगळवारचे मात्र त्यांनी सोडले नाहीत.