बारा आठवडे थांब, मग माझ्याशी भांड

अगं,

काल जिन्यात तू विचारलंस, "ताई, इंटरव्ह्यूला असा चेहरा घेऊन कशी जाऊ?" आणि मी किल्ल्या शोधत होते म्हणून नुसतं "बघू" म्हणाले. रात्रभर ते डोक्यात घोळत राहिलं. महिनाभर बघतेय, गाडीवरून उतरून अभ्यासिकेत आलीस तरी स्कार्फ सुटत नाही, डबा सुद्धा भिंतीकडे तोंड करून खातेस. दिसण्याला महत्त्व नसतं वगैरे मी सांगत बसणार नाही. मला सांगायचंय ते एकच, पुटकुळ्यांवर एक उपचार धर आणि बारा आठवडे सोडू नकोस.

बारा का, ते नीट समजून घे. वयात येताना अँड्रोजन नावाची हार्मोन्स वाढतात, मुलींमध्ये पण, त्यामुळे केसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बूच बसतं, आत अडकलेल्या तेलावर आपल्याच त्वचेवरचे जंतू वाढतात आणि मग सूज येते. आज हनुवटीवर जी पुटकुळी दिसतेय ती काही आठवड्यांपूर्वीच आत सुरू झालेली असते. क्रीमचं खरं काम अजून न दिसणाऱ्या पुटकुळ्यांवर चालू असतं. मग दहा दिवसांत "फरक नाही" म्हणून ट्यूब बदलून काय मिळणार? आणि ते काळं टोक म्हणजे घाण नाही गं, त्यातल्या मेलॅनिनमुळे ते हवेत काळं दिसतं. दिवसातून सहा वेळा साबणाने घासलंस तरी ते जाणार नाही, कातडी तेवढी सोलवटेल.

मी स्वतः मात्र एक उपचार धरून कधी थांबलेच नाही. 1998 साली सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचे, लिंबू झालं, टूथपेस्ट झाली, मुलतानी माती झाली, मावशीने उष्णता म्हणून सब्जा पाजला, एकही गोष्ट मी पंधरा दिवसांच्या वर टिकवली नाही. मग एका मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, चार दिवसांत गाल साफ! दीड वर्ष लावली. त्यात स्टेरॉइड होतं हे मला फार उशिरा कळलं. बंद केली की आग आग, गाल लाल, आधीपेक्षा दुप्पट पुटकुळ्या, वर गालावर लव. बहिणीच्या लग्नात मी पंगतीत वाढत राहिले, फोटोला गेलेच नाही, आणि ती आजही अल्बम काढला की माझ्याकडे बघून गप्प होते. याचं मला अजून वाईट वाटतं, गालावरच्या खड्ड्यांपेक्षा जास्त.

म्हणून तुझ्याकडच्या सगळ्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाच. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल यातलं काही दिसलं तर लगेच मला सांग. 2018 पासून अशी स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत, पण मैत्रिणीने दिलेली ट्यूब कोण तपासतंय? आधीपासून लावत असशील तर डॉक्टरांना खरं सांग, ते कसं थांबवायचं ते सांगतील.

डॉक्टर बहुतेक रात्री लावायला ॲडापलीन देतील, छिद्रात बूच बसू न देणारं मलम. वाटाण्याएवढंच घ्यायचं आणि कोरड्या चेहऱ्यावर सगळीकडे पातळ लावायचं, एकेका पुटकुळीवर ठिपका ठेवायचा नाही. पहिले दोन-तीन आठवडे चेहरा कोरडा पडेल, पापुद्रे निघतील, कदाचित आधी वाढल्यासारखं वाटेल. नेमकं इथेच सगळ्या सोडतात. तू मॉइश्चरायझर लाव आणि थांब, आग फारच झाली तर डॉक्टरांना फोन कर पण स्वतःच्या मनाने बदलू नकोस. बेंझॉइल पेरॉक्साइड, म्हणजे जंतू मारणारं मलम, दिलं तर पांढरा टॉवेल वापर, माझ्या भाचीच्या नेव्ही ब्लू टॉवेलवर नारिंगी डाग पडलेत, तोंड पुसलेल्या जागी बरोब्बर. नुसतं क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक मात्र महिनोन्‌महिने लावत बसू नकोस, जंतू त्याला दाद देईनासे होतात. सकाळी सनस्क्रीन, कारण आपल्या रंगाच्या कातडीवर मागे राहणारे डाग उन्हाने अजून गडद होतात. पाळी पुढे-मागे होत असेल तर तेही लाजू नकोस, सांग, पीसीओएस, म्हणजे अंडाशयाचा आणि हार्मोन्सचा त्रास, असेल तर उपचार वेगळे असतात. खाण्यात गोड कमी केलंस तर थोडी मदत होईल, पण एकट्या पथ्याने भागणार नाही.

आणि हो, परवा सगळ्यांसमोर मी "हात खाली" म्हणून ओरडले त्याचा तुला राग आलाय. पुन्हा ओरडेन. फोनचा कॅमेरा उघडून बेसिनपाशी तू नखाने जे दाबत होतीस ना, तसंच दाबून दाबून माझ्या डाव्या गालावर खड्डे पडलेत, ते तू रोज बघतेस. कोणीतरी मला असं चारचौघांत ओरडायला हवं होतं. सगळ्या म्हणतात ताई एकच टेप लावते, लावते मी, बारा आठवडे, बारा आठवडे, कारण तीन महिन्यांत काहीच झालं नाही तर डॉक्टरांकडे पुढचे उपाय असतात, गोळ्या असतात. पण आधीचं नीट वापरलंच नसेल तर त्यांनी ठरवायचं कशावरून?

सोमवारी सकाळी मी ससूनच्या स्किन ओपीडीला तुझ्यासोबत येते, अभ्यासिका दुपारी उघडेन. येताना सगळ्या ट्यूब पिशवीत घाल, रिकाम्या झालेल्या पण. स्कार्फ धुऊन आण.

ताई